पेटी घरात, प्रत घाटापलीकडे

नॅस घरात येते ती बहुतेक वेळा गूगलच्या एका सूचनेमुळे. १ जून २०२१ पासून गूगल फोटोजमधली फुकटची अमर्याद जागा संपली, नवे फोटो १५ जीबीच्या हिशेबात धरले जाऊ लागले आणि ‘तुमची जागा संपत आली आहे’ ही पट्टी घराघरांतल्या मोबाइलवर झळकू लागली. दर महिन्याला पैसे मोजण्यापेक्षा एकदाच काय ते घेऊन टाकू, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब. मग लॅमिंग्टन रोडवरून किंवा ऑनलाइन दोन डिस्कची एक पेटी येते, राउटरशेजारी बसते आणि घरातल्या सगळ्यांचे फोटो आपोआप तिच्यात जमा होऊ लागतात. नॅस म्हणजे एवढंच: घरच्या नेटवर्कला जोडलेली, स्वतःचा प्रोसेसर असलेली हार्ड डिस्कची पेटी. बदलापूरच्या नव्या संकुलात राहून रोज मुंबई गाठणारा आयटीवाला, अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीतला छोटा कारखानदार, उल्हासनगरातला लग्नांचे फोटो काढणारा स्टुडिओवाला, तिघांच्या पेट्या थोड्याफार फरकाने सारख्याच. तिघांची समजूतही सारखीच, की आता बॅकअपची काळजी मिटली.

ती मिटलेली नसते. पेटीत ‘रेड १’ लावलं की एका डिस्कवर लिहिलेलं दुसरीवरही लिहिलं जातं. एक मेली तरी काम थांबत नाही. उपयोग तेवढाच. पोराने चुकून अख्खं फोल्डर उडवलं तर ते दोन्हीकडून उडतं. खंडणीखोर व्हायरसने फायलींना कुलूप ठोकलं तर दोन्ही प्रतींना ठोकतो. विजेचा झटका, चोर आणि पाणी यांना पेटीत डिस्क किती आहेत याच्याशी काही देणंघेणं नसतं.

पाण्याचं तर इकडच्या माणसाला सांगायलाच नको. २६ जुलै २००५ ला उल्हास आणि वालधुनी दोन्ही नद्या वस्तीत शिरल्या. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली, हजारभर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं आणि ती बातमी देशभर गेली. त्याच दिवशी बदलापूर पश्चिमेच्या सखल भागातल्या तळमजल्यांवर काय झालं, ते मात्र तिथे राहणाऱ्यांनाच ठाऊक. वालधुनी अंबरनाथच्या शिवमंदिराशेजारून वाहत उल्हासनगरात शिरते आणि पुढे कल्याणकडे जाते. वरच्या मजल्यावर राहणारा म्हणेल, माझ्या पेटीपर्यंत पाणी येत नाही. खरं आहे, पण मे २०२१ मध्ये उल्हासनगरात पंधरा दिवसांच्या आत दोन इमारतींचे स्लॅब कोसळून माणसं दगावली. अशा वेळी शेजारच्या धोकादायक इमारती रिकाम्या करतात तेव्हा कोण राउटरशेजारची पेटी उचलून आणणार?

शिवाय उल्हासनगर हे गावच मुळात कागद मागे राहिलेल्यांचं. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावण्यांत सिंधी निर्वासित येऊन राहिले, ८ ऑगस्ट १९४९ ला चक्रवर्ती राजगोपालाचारींच्या हस्ते वसाहतीला हे नाव मिळालं, आणि १९५० च्या कायद्याखाली तिकडे राहिलेल्या घराजमिनीचे दावे मांडायची वेळ आली तेव्हा ज्याच्याजवळ दस्तऐवज होता त्याची गोष्ट वेगळी आणि ज्याच्याजवळ नव्हता त्याची वेगळी. आज आपण त्याच प्रकारचे कागद स्कॅन करून एका पेटीत ठेवतो आणि निर्धास्त होतो.

तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा ३-२-१ चा नियम संगणकवाल्यांच्या बैठकीत हमखास निघतो. तो रूढ केला पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने, फोटोंचा संग्रह कसा सांभाळायचा ते शिकवताना. म्हणजे स्टुडिओवाल्यांनी तो परका मानायचं कारण नाही. आपल्या पट्ट्यापुरती मी त्यात एक भर घालीन: ‘घराबाहेर’ म्हणजे नदीच्या खोऱ्याबाहेर. बदलापूरकराने दुसरी प्रत उल्हासनगरच्या मामाकडे ठेवली तर ती घराबाहेर जाते खरी, पण त्याच पाण्याच्या वाटेवर राहते. पुणे, नाशिक, सिंगापूर, फ्रँकफुर्ट, काहीही चालेल. क्लाउडचा खरा उपयोग मला हाच वाटतो. अंतर भाड्याने मिळतं.

आता सॉफ्टवेअरकडे. या विषयाचा गेल्या पंधरा वर्षांचा इतिहास पाहिला तर एक गोष्ट लख्ख दिसते: सेवा मरतात, फोटो उरतात. एके काळी क्रॅशप्लॅन ही घरगुती बॅकअपची लाडकी सेवा होती. ती संगणकासाठी होती, नॅससाठी नव्हती; तरी हौशी मंडळींनी ती सिनॉलॉजी या कंपनीच्या पेटीत बसवण्याच्या युक्त्या काढल्या. आत जावा घालायचं, पेटीला पडदा नाही म्हणून दुसऱ्या संगणकावरून तिचा कारभार हाकायचा, आणि कंपनीने नवी आवृत्ती ढकलली की सगळं कोसळलेलं पाहून पुन्हा पहिल्यापासून. ऑगस्ट २०१७ मध्ये कंपनीने घरगुती सेवा बंद करत असल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबर २०१८ मध्ये ती संपली. अ‍ॅमेझॉनने अमर्याद जागेची योजना २०१७ मध्ये आवरती घेतली आणि २०२३ अखेर अ‍ॅमेझॉन ड्राइव्हच गुंडाळला. बॅकब्लेझची ठरावीक पैशांत हवं तेवढं ठेवा ही घरगुती योजना आजही आहे, पण ती नॅसला हात लावत नाही. नॅसवाल्यांसाठी त्यांचं बी२ हे वेगळं कोठार आहे आणि तिथे मोजून पैसे पडतात. ‘अमर्याद’ हा शब्द दिसला की मी पुढचं वाचत नाही. ज्याच्याकडे मोजमाप नाही त्याचा धंदा कधीतरी बसतोच.

तेव्हा पेटीसोबत येणारं सॉफ्टवेअर वापरायचं की बाहेरचं, हा पहिला प्रश्न. सिनॉलॉजीचं हायपर बॅकअप आणि क्यूनॅपचं एचबीएस ३ ही दोन्ही पेटीबरोबर फुकट मिळतात आणि घरगुती कामाला पुरतात. जुन्या संगणकावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियावॉल्ट घालून स्वतः पेटी बनवणाऱ्यांची जातच निराळी. त्यांच्यासाठी आरक्लोन, रेस्टिक, डुप्लिकाटी अशी मुक्त हत्यारं आहेत. ट्रूनॅसमधली क्लाउडची सोय तर आतून आरक्लोनच वापरते. माझा कल रेस्टिककडे झुकतो. त्याची मांडणी खुली आहे. उद्या पेटी बनवणारी कंपनी बुडाली, तरी कुठल्याही लॅपटॉपवर एक छोटासा प्रोग्रॅम उतरवून फायली परत काढता येतात. पण काळ्या पडद्यावर आज्ञा टाइप करायचा ज्याला कंटाळा आहे त्याने हायपर बॅकअप वापरावं, कारण न केलेल्या उत्तम बॅकअपपेक्षा केलेला बरा बॅकअप बरा. त्याच्याही प्रती उघडायला हायपर बॅकअप एक्सप्लोरर नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे आणि तो साध्या संगणकावर चालतो.

एक गफलत इथे सर्रास होते. पॅकेज सेंटर या सिनॉलॉजीच्या अ‍ॅपच्या दुकानात क्लाउड सिंक आणि हायपर बॅकअप अशी दोन्ही नावं शेजारीशेजारी दिसतात, आणि पहिलं सोपं म्हणून तेच बसवलं जातं. सिंक म्हणजे इकडे जे, तेच तिकडे. इकडे फोटो पुसला की तिकडचाही पुसला जातो. इकडच्या फायलीचा व्हायरसने चुथडा केला की चुथडाच इमानेइतबारे वर चढतो. बॅकअप म्हणजे कालची, गेल्या आठवड्याची, तीन महिन्यांपूर्वीची स्थिती वेगवेगळी राखणं. मागच्या तारखेला परत जाता येत नसेल तर त्याला बॅकअप म्हणू नये.

हायपर बॅकअप बसवणं हे प्रत्यक्षात अर्ध्या तासाचं काम आहे. पॅकेज सेंटरमधून ते उतरवायचं. त्याआधी बी२, वासाबी किंवा अ‍ॅमेझॉन एस३ यांपैकी कुठेतरी खातं उघडून एक ‘बकेट’ बनवायची, आणि फक्त त्याच बकेटला लागणारी किल्ली तयार करायची. साऱ्या खात्याची मास्टर किल्ली पेटीत टाकू नये, कारण पेटीत चोर शिरला तर ती त्याला आयती मिळते. मग नवं काम तयार करताना एस३ हा पर्याय निवडून सर्व्हरचा पत्ता आणि किल्ली भरायची, फोल्डर निवडायची. यापुढच्या एका पडद्यावर एन्क्रिप्शनचा एक साधासा चौकोन असतो. तो इथेच टिचकवायचा, कारण काम एकदा तयार झालं की हा निर्णय बदलता येत नाही. विसरलात तर सगळं पुसून पुन्हा वर चढवायचं. चौकोन टिचकवून पासवर्ड दिला की काम तयार होताच .पेम अशा शेपटीची एक छोटी फाइल ब्राउझरमधून आपोआप खाली उतरते. पुष्कळजण ती डाउनलोड्समध्ये तशीच सोडून देतात. पासवर्ड विसरलात तर प्रत उघडण्याचा तोच एक मार्ग उरतो. दोन्ही गेले तर अमेरिकेत नीटनेटका ठेवलेला तुमचा डेटा तुम्हालाही उघडत नाही, कंपनीलाही नाही. ही फाइल पेनड्राइव्हवर आणि पासवर्ड कागदावर, दोन्ही घराच्या करारनाम्याच्या फायलीत. पेटीतच ठेवणं हा शुद्ध वेडेपणा.

मुळात पेटीबाहेर प्रत का हवी, याचं उत्तर २०२१-२२ या दोन वर्षांत मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये क्यूनॅपच्या पेट्यांवर क्यूलॉकर नावाचा हल्ला झाला. घरगुती फायली सेव्हन-झिपमध्ये भरून पासवर्ड लावला जायचा आणि सोडवायला ०.०१ बिटकॉइन मागितलं जायचं. त्या वेळच्या भावाने चाळीसेक हजार रुपये. म्हणजे हिशेबाने ठरवलेली खंडणी: जिवावर येईल, पण मोजता येईल. हल्लेखोर आत शिरले ते एचबीएस ३ मधल्या एका भोकातून. सॉफ्टवेअरमध्येच पक्के लिहून ठेवलेले लॉगिनचे तपशील राहून गेले होते. ज्याने वाचवायचं, त्यानेच दार उघडलं. त्याच वर्षी जूनमध्ये जगभरच्या वेस्टर्न डिजिटल माय बुक लाइव्ह पेट्या एका रात्रीत कोऱ्या झाल्या. त्या मॉडेलची देखभाल कंपनीने कधीच सोडली होती. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्टने पुन्हा क्यूनॅप गाठलं, फेब्रुवारीत असुस्टोर. या सगळ्यांत समान धागा एकच: पेटी थेट इंटरनेटवर उघडी होती, बाहेरून फोटो बघता यावेत म्हणून.

इथे आपल्या केबलवाल्याने नकळत उपकार केलेले आहेत. तिन्ही गावांत बरंच ब्रॉडबँड लहान स्थानिक पुरवठादारांकडून येतं, आणि ते एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो घरं बसवतात. सीजीनॅट म्हणतात त्याला. त्यामुळे बाहेरून घरातली पेटी गाठता येत नाही, आणि यावर लोक चिडतात. पण क्लाउड बॅकअपचा प्रवास आतून बाहेर असतो, त्याला सीजीनॅटचा काहीच अडथळा नाही. उलट बाहेरच्या चोरालाही पेटी सापडत नाही. तेव्हा केबलवाल्याकडे ‘स्टॅटिक आयपी’ मागण्याआधी दोनदा विचार करा. बाहेरून पाहायचंच असेल तर टेलस्केलसारखा खासगी बोगदा बरा. आणि बकेटला ‘ऑब्जेक्ट लॉक’ लावता येत असेल तर ठरावीक दिवस कुणालाच, किल्ली असलेल्यालासुद्धा, प्रत पुसता येत नाही. फक्त तुमचं सॉफ्टवेअर त्याच्याशी जुळवून घेतं का ते आधी तपासावं लागतं.

वेगाचं गणित लोक शेवटी करतात, ते आधी करावं. वर चढवायचा वेग ४० एमबीपीएस धरला तर एक टीबीला सुमारे ५५ तास लागतात. १०० असेल तर २२. हे अखंड चाललं तर. घरगुती फायबर योजनांत ‘अमर्याद’च्या खाली बहुधा महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा बारीक अक्षरांत असते, आणि तीत चढवलेलंही मोजलं जातं. दोन टीबी फोटोंचा पहिला बॅकअप महिनाभर रात्री अकरा ते सकाळी सहा चालू द्यावा. दिवसा घरातल्यांच्या मीटिंगा आणि मालिका अडकल्या की बॅकअपच्या नावाने शिमगा होतो.

स्टुडिओवाल्याचं गणित याहून बिकट. १०० एमबीपीएसने चित्रित होणाऱ्या फोर-के व्हिडिओचा एक तास म्हणजे ४५ जीबी. हळद, लग्न, रिसेप्शन, दोन कॅमेरे; लग्नसराईत अशी चार कामं हातात असली तर केबलवर भरवसा ठेवून चालत नाही. निवडावं लागतं. फोटोंच्या मूळ फायली आणि तयार झालेला अंतिम व्हिडिओ वर जावा. कच्चं चित्रण दुसऱ्या डिस्कवर उतरवून दुसऱ्या पत्त्यावर ठेवावं आणि अल्बम घरपोच झाल्यावर काही महिन्यांनी सोडून द्यावं. गिऱ्हाइकाला हे आधीच लेखी सांगितलेलं बरं.

आणि वीज. शुक्रवार हा इकडे देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याचा ठरलेला वार. पावसाळ्यात वाराची गरजच नसते. क्लाउडचं काम मध्येच तुटलं तर फारसं बिघडत नाही. चांगलं सॉफ्टवेअर पुढच्या रात्री तिथूनच उचलतं. बिघडते ती पेटी, लिहीत असताना वीज गेली की. घरातला इन्व्हर्टर पुरत नाही, कारण बॅटरी संपत आली हे तो पेटीला सांगत नाही. यूएसबीने पेटीशी बोलणारा छोटा यूपीएस हवा, म्हणजे पाच मिनिटांत ती स्वतःहून नीट बंद होते. माझ्या मते डिस्क थोडी लहान घ्यावी, पण यूपीएस घ्यावाच. डिस्कवरून आठवलं: जानेवारी २०२५ मध्ये वापरलेल्या सीगेट डिस्क नव्या म्हणून विकल्या गेल्याचं युरोपात उघड झालं. डिस्क स्वतःविषयी ठेवते त्या ‘स्मार्ट’ नोंदींतले वापराचे तास पुसून शून्य केलेले होते, पण सीगेटच्या ‘फार्म’ नोंदीत ते शिल्लक राहिले. ज्या गावाच्या नावावर ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद कायमचा चिकटला, तिथल्या गिऱ्हाइकाला नवं सील पाहून हुरळू नये हे वेगळं शिकवायला नको. सीगेटची डिस्क घेतल्या दिवशी फार्मचा आकडा बघून घ्यावा.

पैशांचा भाग थोडक्यात. बी२ चा भाव ऑक्टोबर २०२३ मध्ये टीबीमागे महिन्याला सहा डॉलर झाला. गूगल वनचे २ टीबी महिन्याला ६५० रुपयांना मिळत आले आहेत, पण हायपर बॅकअपसाठी एस३ पद्धतीचं कोठार जास्त भरवशाचं. अ‍ॅमेझॉनचं ग्लेशियर डीप आर्काइव्ह टीबीमागे डॉलरच्या आसपास पडतं, आणि हे वाचून लोक धावतात. ठेवणं स्वस्त, आणणं महाग: फायली मागितल्यावर बारा ते अठ्ठेचाळीस तास वाट बघायची, आणि बाहेर काढायला जीबीमागे नऊ सेंटच्या पुढे, म्हणजे टीबीला नव्वद डॉलरहून जास्त. घर बुडालं तरच काढायची प्रत असेल तर ठीक. डॉलरमधल्या सेवेचा खरा धोका भाव हा नाहीच. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमांप्रमाणे कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमांना ग्राहकाची रीतसर मंजुरी लागते, आणि काही परदेशी कंपन्यांचे हप्ते तिथेच अडतात. पैसे न आल्याची सूचना जाते ती आपण कधीच न उघडणाऱ्या ईमेलवर. काही आठवड्यांनी डेटा काढून टाकण्याची मुभा बहुतेक करारांत असते. त्यामुळे तिथे आगाऊ रक्कम भरता येते का ते पाहावं, आणि खात्याला रोजच्या वापरातला ईमेल द्यावा.

अंबरनाथच्या कारखानदारासाठी इथे कायदा आडवा येतो. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल तर हिशेबाच्या इलेक्ट्रॉनिक वह्यांचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर, आणि ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीपासून रोजच्या रोज ठेवणं बंधनकारक आहे. टॅलीचं फोल्डर मग अ‍ॅमेझॉनच्या मुंबईतल्या केंद्रात पाठवावं. ते २०१६ पासून चालू आहे. मुंबई उल्हासच्या खोऱ्याबाहेर आहे, पण २६ जुलैच्या पावसाबाहेर नाही, म्हणून हैदराबादही चालेल. जीएसटीच्या नोंदी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायच्या असतात, तेव्हा जुन्या प्रती आपोआप पुसण्याची मुदत त्याच हिशेबाने लावावी. मालकी किंवा भागीदारीतल्या दुकानाला भारतातल्या सर्व्हरची ही अट लागू नाही.

ज्यांना परदेशी कंपनीचं कोठारच नको त्यांच्यासाठी एक जुना, देशी मार्ग आहे: पुण्याच्या बहिणीकडे दुसरी पेटी. पहिली प्रत घरच्या घरी, नेटवर्कवरून करून घ्यायची. मग पेटी पिशवीत घालून कर्जतमार्गे घाट चढायचा, तिच्या राउटरला जोडायची आणि पुढे रोजचं नवं तेवढं टेलस्केलच्या बोगद्यातून पाठवायचं. हायपर बॅकअप व्हॉल्ट याचसाठी आहे. महिन्याचा खर्च तिच्या विजेचा. बहिणीची डिस्क तुमच्याकडे, तुमची तिच्याकडे असं केलं की उपकाराचाही प्रश्न मिटतो. एन्क्रिप्शन मात्र इथेही लावावं. भाच्यांच्या हाती काय लागेल सांगता येत नाही.

राहिला प्रश्न परत मिळण्याचा, ज्याची परीक्षा जवळपास कुणीच घेत नाही. हिरवी टिकमार्क म्हणजे फायली वर गेल्या, एवढंच. वर्षातून दोनदा दुसऱ्याच्या लॅपटॉपवर, घराबाहेरच्या इंटरनेटवरून, पेटीला हात न लावता एक फोल्डर परत आणून बघावं; .पेम फाइल किंवा कागदावरचा पासवर्ड खरंच लागतो का ते तिथेच कळतं. हे काम ज्याने पेटी बसवली त्याने करू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाने, त्याला काहीही न विचारता, फक्त फायलीतला कागद वाचून करावं, आणि जिथे अडेल ते त्याच कागदावर लिहून ठेवावं.